यमक दाराबाहेर ठेवणारा कवी : लाँगफेलोचा दांते

1867 साली बॉस्टनमध्ये इटालियन कवी दांते याच्या 'कॉमेडिया' या महाकाव्याचे दोन इंग्रजी अनुवाद छापून आले. एक यमकांत बांधलेला, दुसरा यमकाला अजिबात न शिवलेला. यमकांतला अनुवाद थॉमस विल्यम पार्सन्स या दंतवैद्याचा. त्यानं 'इन्फर्नो', म्हणजे नरककांड, तेवढं पूर्ण केलं होतं. यमक टाकून देणारा माणूस होता हेन्री वॉड्झवर्थ लाँगफेलो. त्या काळच्या अमेरिकेत यमकावर त्याच्याइतकी हुकमत असलेला दुसरा लोकप्रिय कवी मला तरी दिसत नाही. आपल्याकडेही इंग्रजी शिकलेल्या जुन्या पिढ्यांतल्या कितीतरी जणांना त्याची 'अ साम ऑफ लाइफ' तोंडपाठ असायची, आणि ती लक्षात राहायची ते तिच्या ठेक्यामुळे, ओळीच्या टोकाला टाळीसारख्या पडणाऱ्या यमकांमुळे.

आयुष्यातलं सर्वांत मोठं अनुवादाचं काम हाती घेताना या माणसानं हातचं सगळ्यात पक्कं हत्यार का खाली ठेवलं? हे प्रकरण मला अनेक वर्षं धरून ठेवतं आहे. कवितेचा अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, पण लाँगफेलोइतक्या स्पष्टपणे आणि इतकी किंमत मोजून त्याचं उत्तर देणारे थोडे.

आधी मूळ कवितेची घडण पाहू. 'कॉमेडिया'त 100 सर्ग आहेत : नरकाचे 34, शुद्धिस्थानाचे म्हणजे 'पुर्गातोरिओ'चे 33 आणि स्वर्गाचे 33. ओळी 14,233. तीन-तीन ओळींचं कडवं, पहिली आणि तिसरी ओळ जुळलेली, आणि मधल्या ओळीचं यमक पुढच्या कडव्याच्या पहिल्या-तिसऱ्या ओळीत उचललेलं. साखळीची प्रत्येक कडी मागचीत अडकलेली असते, म्हणून मधूनच एक कडी सैल सोडता येत नाही. इटालियनमध्ये बहुतेक शब्द स्वरांत संपतात, तिथे हे निभतं. मराठी माणसाला त्यातली अवघड जागा चटकन जाणवायचीही नाही, कारण ओवीचे तीन चरण जात्यावर बसून जुळवणाऱ्या बायका आपल्या घराघरांत होत्या. इंग्रजीत मात्र यमकांचा साठा अपुरा. चौदा हजार ओळी जुळवायच्या म्हटल्या की दांतेनं न म्हटलेलं काहीतरी दर दुसऱ्या कडव्यात घुसडावं लागतं.

(जाता जाता एक नोंद. दांतेची प्रेयसी बिआत्रिचे, जी 'कॉमेडिया'त त्याला पुन्हा भेटते, वारली ते साल 1290. आपली ज्ञानेश्वरी शके 1212ची, म्हणजे त्याच सालची. विद्वानांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत सर्वांत उंच विषय सांगायचा, हे धाडस तिकडे आणि इकडे एकाच पिढीनं केलं. दांतेचं नाव आलं की मला ज्ञानदेव आठवतातच.)

लाँगफेलो इटालियन शिकला तो प्रत्यक्ष त्या देशात राहून. 1826 ते 1829 या काळात तो फ्रान्स, स्पेन, इटली, जर्मनी फिरला, तेही भाषा आत्मसात करायच्याच कामासाठी, कारण बोडन कॉलेजात त्याला आधुनिक भाषा शिकवायच्या होत्या. पुढे 1836 पासून 1854 पर्यंत तो हार्वर्डमध्ये प्राध्यापक होता, आणि दांते शिकवणं हा त्या नोकरीचा भाग होता. 1839च्या त्याच्या पहिल्या कवितासंग्रहातच 'पुर्गातोरिओ'मधले काही तुकडे इंग्रजीत आलेले आहेत. 1843 साली त्यानं ते कांड रीतसर अनुवादाला घेतलं आणि सोडलं. दहा वर्षांनी पुन्हा उचललं. रोजनिशीत त्यानं लिहिलं आहे की मन थकलं होतं, स्वतःचं नवं काही लिहून होईना, म्हणून तो जुन्या लाडक्या दांतेकडे वळला आणि 1843मध्ये जिथे थांबला होता तिथूनच पुढे निघाला. अनुवादाला बसणाऱ्या कवींची ही अवस्था मला फार ओळखीची वाटते. विहीर आटली की माणूस दुसऱ्याच्या पाणवठ्यावर जातो.

1861 साल आलं नसतं तर कदाचित हे काम असंच तुकड्यातुकड्यांनी चालत राहिलं असतं.

9 जुलै 1861 रोजी बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या राहत्या घरी लाँगफेलोची पत्नी फॅनी हिच्या झिरझिरीत उन्हाळी कपड्यांनी पेट घेतला. ती मुलींच्या केसांच्या बटा पुडीत घालून लाखेनं बंद करत होती असं सांगतात. ती जळत नवऱ्याच्या खोलीत धावली. त्यानं गालिच्याचा तुकडा तिच्याभोवती धरला, मग स्वतःच्या अंगानं ज्वाळा विझवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्याचा चेहरा आणि हात भाजले होते, त्यामुळे अंत्यविधीलाही त्याला जाता आलं नाही. तो विधी झाला 13 जुलैला, त्यांच्या लग्नाच्या अठराव्या वाढदिवशी. लाँगफेलोची जी पांढरी दाढी सगळ्या चित्रांत दिसते ती यानंतरची. भाजलेल्या चेहऱ्यावर वस्तरा फिरवता येत नव्हता.

त्यानंतर त्याच्या हातून स्वतःची कविता फारशी होत नव्हती. दांते मात्र होत होता. 1863च्या वसंतात त्यानं नरककांडाचे 34 सर्ग लागोपाठ 34 दिवसांत, रोज एक या हिशेबानं उतरवले. बाहेर यादवी युद्ध पेटलं होतं. थोरला मुलगा चार्ल्स घरी न सांगता सैन्यात गेला होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो गोळी लागून जखमी झाला. रोज सकाळी उठून नरकाचा एक सर्ग लिहिणाऱ्या या माणसाबद्दल 'दुःखातून विरंगुळा' असा शब्द मी वापरणार नाही. नेमानं पूजा करावी तसं ते काम आहे.

आता निर्णयाकडे येऊ. 1864च्या नोंदींत त्यानं आपली भूमिका मांडली आहे. दांतेचा अनुवाद करायचा तर काहीतरी सोडावंच लागेल, असं तो धरून चालतो. प्रश्न उरतो तो काय सोडायचं एवढाच. यमक म्हणजे कुंपणावर फुललेली वेल. वेल सुंदर आहे, पण वेल राखताना कुंपणच मरणार असेल तर वेल सोडावी. कुंपण म्हणजे लेखकानं जे म्हटलं ते, आणि ज्या क्रमानं म्हटलं तो क्रम. लेखकाला काय अभिप्रेत होतं ते समजावणं हे टीकाकाराचं काम, अनुवादकानं फक्त तो काय बोलला ते कळवायचं. अन्यत्र एका पत्रात तो अनुवादकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो : उजवा हात वर करून शपथ घ्यायची की सांगेन ते खरं, पूर्ण खरं, आणि खऱ्याखेरीज काही नाही. 'दांते आणि कंपनी' अशी भागीदारीची पाटी त्याला मंजूर नव्हती.

आपल्या भाषेत हे पटकन सांगता येतं, कारण आपल्याकडे वामन पंडितांपासून विनोबांच्या गीताईपर्यंत समश्लोकीची वाट मळलेली आहे. श्लोकाला श्लोक, चरणाला चरण. लाँगफेलोनं जवळपास तेच केलं. दांतेच्या तीन ओळींना इंग्रजी तीनच ओळी, आणि जमेल तिथे पहिल्या ओळीतला मजकूर पहिल्याच ओळीत. दांतेची ओळ अकरा अक्षरी, इंग्रजीची नेहमीची ओळ दहा अक्षरांची. लाँगफेलो ओळीच्या शेवटी एक अक्षर जास्तीचं सोडतो तेव्हा इटालियन ओळीची ती लांबही इंग्रजीत येते. मात्र समश्लोकीकारांनी वृत्त राखलं तसं यमक यानं राखलं नाही. त्याआधी अर्धशतक इंग्रज अनुवादक हेन्री कॅरीनंही यमक सोडलं होतं, पण कॅरीचा 1814चा संपूर्ण अनुवाद मिल्टनच्या भरदार चालीत वाहतो, आणि त्या वाहण्यात कडवी विरघळून जातात. लाँगफेलोच्या पानावर तीन ओळींचं कडवं सुटं दिसतं. यमक गेलं, सांगाडा राहिला.

हे नुसतं तत्त्वाचं बोलणं राहू नये म्हणून चार जागा जवळून पाहू.

नरकाच्या दारावरचा लेख. मूळ : 'पेर मे सि व्हा ने ला चित्ता दोलेन्ते, पेर मे सि व्हा ने लेतेर्नो दोलोरे, पेर मे सि व्हा त्रा ला पेर्दुता जेन्ते.' माझ्यातून वाट दुःखी नगरीकडे, माझ्यातून वाट चिरंतन दुःखाकडे, माझ्यातून वाट हरवलेल्या लोकांत. लाँगफेलो पहिल्या ओळीच्या शेवटी 'सिटी डोलन्ट' लिहितो. 'डोलन्ट' हा इंग्रजीत केव्हाच मागे पडलेला शब्द, आणि विशेषण नामाच्या मागून आलेलं. कानाला खटकतं. यावर तेव्हाही बोट ठेवलं गेलं, आजही ठेवलं जातं. पण पुढची ओळ संपते 'डोल'वर. दांतेचं 'दोलेन्ते' आणि 'दोलोरे' एकाच धातूतून निघालेले शब्द आहेत, जसे आपले दुःखी आणि दुःख. ते नातं इंग्रजीत टिकवायचं तर 'डोलन्ट' आणि 'डोल' याच जोडीकडे यावं लागतं. 'सॉरोफुल सिटी' म्हटलं असतं तर ओळ गुळगुळीत झाली असती आणि पुढच्या ओळीतला 'डोल' एकटा पडला असता.

तिसऱ्या ओळीत मात्र तो मला वेगळाच सापडला. दांतेच्या 'पेर्दुता जेन्ते'त विशेषण आधी आहे, 'हरवलेले लोक'. इंग्रजीचाही स्वाभाविक क्रम तोच. म्हणजे इथे शब्दाला शब्द ठेवणं सोपं होतं. तरी त्यानं उलटवून 'पीपल लॉस्ट' केलं. आता तिन्ही ओळींची टोकं पाहा : डोलन्ट, डोल, लॉस्ट. प्रत्येक ओळ तिच्यातल्या सर्वांत जड शब्दावर उतरते. मूळ क्रमाची शपथ घेतलेला साक्षीदार इथे क्रम मोडतो, आणि मोडतो तो कवीच्या कानासाठी. त्याला नुसता शब्दशः अनुवादक म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

नरककांडाच्याच पाचव्या सर्गात फ्रान्चेस्का ही नरकात पडलेली प्रेमिका आपल्या प्रेमाची कैफियत देते. 'आमोर, क आ नुल्लो आमातो आमार पेर्दोना.' प्रेम, जे प्रेम लाभलेल्या कुणालाच प्रेम करण्यातून सूट देत नाही. एका ओळीत एकच शब्द तीन रूपांत, भोवऱ्यासारखा. लाँगफेलो : 'लव्ह, दॅट एक्झेम्प्ट्स नो वन बिलव्हेड फ्रॉम लव्हिंग.' तीनही रूपं जागेवर आहेत आणि अक्षरंही अकरा. 'एक्झेम्प्ट' हा शब्द कोरडा, कचेरीतल्या कागदावरचा वाटतो हे खरं. तरी मला तो पटतो. फ्रान्चेस्का स्वतःची बाजू मांडते आहे, आणि 'पेर्दोना'तही माफीची, सवलतीची भाषा आहे.

त्याच सर्गाची शेवटची ओळ, 'ए काद्दी कोमे कोर्पो मोर्तो कादे', इथे मात्र तो हरतो. 'आणि कोसळलो, मेलेलं शरीर कोसळावं तसा.' मूळ ओळीत क-क-क असे ठोके पडतात, पायऱ्यांवरून देह गडगडल्यासारखे. इंग्रजीत ओळ 'फेल'नं सुरू होऊन 'फॉल्स'वर संपते, एवढा वेढा त्यानं राखला आहे, पण ते ठोके गेले. मराठीत 'कोसळलो' हा शब्द आपल्याला फुकटात मिळतो. त्याला तसं काही मिळालं नाही.

चौथी जागा 'पुर्गातोरिओ'च्या सत्ताविसाव्या सर्गातली. दांतेच्या वाटेत आगीची भिंत आहे आणि तिच्यातून चालत गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो जुळवलेल्या हातांवर पुढे झुकतो, आगीकडे पाहतो, आणि त्याला आठवतात पूर्वी पाहिलेली जळती माणसांची शरीरं. दांतेच्या दृष्टीनं ही नुसती कल्पना नव्हती : मार्च 1302 मध्ये फ्लॉरेन्सनं त्याला, हाती लागला तर जिवंत जाळायची शिक्षा फर्मावली होती. त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, त्याची समजूत घालतो आणि शेवटी म्हणतो, बाळा, बिआत्रिचे आणि तू, तुमच्यामध्ये एवढी एकच भिंत आहे.

या सर्गाचा कच्चा खर्डा लाँगफेलोच्या हातून कधी झालेला असो, छापायच्या आधी तपासताना ही ओळ त्याच्यासमोर आली ती 1861 नंतर, भाजलेल्या हातांच्या वणांसकट. त्यानं लिहिलं : 'द ह्यूमन बॉडीज आय हॅड वन्स सीन बर्न्ड.' पूर्वी एकदा पाहिलेली जळलेली मानवी शरीरं. दांतेच्या 'उमानी कोर्पी जा व्हेदुती आच्चेझी'ला शब्दाला शब्द. एकही विशेषण वाढवलेलं नाही, एकही हुंदका घातलेला नाही. यमक जुळवायचं असतं तर इथे काहीतरी जास्तीचं आणावं लागलं असतं, आणि ते जास्तीचं त्याचं स्वतःचं असतं. ही ओळ वाचल्यावर कुंपण आणि वेलीचा दाखला मला वेगळाच दिसायला लागला. यमक सोडण्यामागे भाषेचा हिशेब होता हे खरंच. पण यमकासोबत त्यानं आपल्या दुःखाला दांतेच्या ओळीत शिरायची वाटही बंद केली, असं मला वाटतं.

1865 हे दांतेच्या जन्माचं सहाशेवं वर्ष. त्या निमित्तानं नरककांडाच्या मोजक्या प्रती घाईनं खासगीरीत्या छापून इटलीला पाठवल्या गेल्या. (त्याच वर्षी व्हर्सायमध्ये हलाखीत दिवस काढणाऱ्या मायकेल मधुसूदन दत्तांनी दांतेवर बंगालीत सुनीत लिहून इटलीच्या राजाकडे पाठवलं होतं.) त्या ऑक्टोबरपासून लाँगफेलोच्या घरी बुधवारच्या संध्याकाळच्या बैठका सुरू झाल्या. हार्वर्डमधल्या त्याच्याच जागेवर आलेला कवी जेम्स रसेल लोवेल, दांतेचा अभ्यासक चार्ल्स एलियट नॉर्टन, प्रकाशक जेम्स फील्ड्स, आणि पुढे व्हेनिसला वकिलातीत काही वर्षं काढून परतलेला विल्यम डीन हॉवेल्स. लाँगफेलो प्रुफं वाचत जायचा, बाकीचे मूळ इटालियन समोर ठेवून ऐकायचे आणि अडलं की थांबवायचे. वाद व्हायचा, तो समासात टिपून घ्यायचा. मग साधं जेवण : थंड टर्की, सॅलड, वाइन. सगळ्याच सूचना तो स्वीकारत नसे, पण सगळ्या ऐकून घेत असे. ज्याची नावाजलेली पुस्तकं हातोहात खपत होती अशा साठीच्या घरातल्या कवीनं दर आठवड्याला आपल्या ओळी वयानं धाकट्या मित्रांपुढे तपासणीला ठेवाव्यात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. एकट्यानं बसून साक्ष नीट होत नाही हे त्याला कळलं होतं.

समजावण्याचं काम त्यानं टाळलं नाही, फक्त वेगळ्या जागी हलवलं. 1867च्या तीन खंडांत कवितेमागे भरघोस टिपा आणि दांतेवरचे इतरांचे उतारे आहेत. दांते कुणाबद्दल बोलतो आहे, कुठली लढाई, कोणता तारा, ते तिथे पाहायचं.

आणि स्वतःची कविता? तिलाही त्यानं जागा दिली. प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला दोन, अशी एकूण सहा सुनीतं त्यानं लिहिली. पहिल्यात एक मजूर रस्त्यावरच्या धुळीतून, उन्हातून येतो, चर्चच्या दाराशी डोक्यावरचं ओझं उतरवतो, आत जाऊन गुडघे टेकतो. आपणही रोज असंच ओझं दाराशी ठेवून आत जातो, असं कवी म्हणतो. ओझं कसलं ते सांगत नाही. ही सहाही सुनीतं काटेकोर यमकांत आहेत, आणि सुनीत हा प्रकार मुळात इटलीचाच. दांतेला नाकारलेली सगळी यमकं इथे आहेत, उंबरठ्याच्या बाहेरच्या बाजूला. माझ्या मते इंग्रजीत त्यानं लिहिलेलं सर्वोत्तम काव्य हेच, आणि ते या अनुवादाशिवाय झालं नसतं.

अनुवाद वाचला गेला, पुन्हा पुन्हा छापला गेला, आणि त्यावर नाराजीही तेवढीच राहिली. लॅटिन वळणाचे शब्द, उलटीपालटी वाक्यं, शेजारी मूळ नसेल तर अडखळायला होणं, या तक्रारी खोट्या नाहीत. पहिल्याच कडव्यात 'दिरित्ता व्हिया', म्हणजे सरळ वाट, हिच्यासाठी 'स्ट्रेटफॉरवर्ड पाथवे' असा लांबलचक ऐवज त्यानं ठेवला, तो मलाही आवडत नाही. बुधवारच्या बैठकींना सर्वांत बारकाईनं बसणाऱ्या नॉर्टननं पुढे 1891-92 मध्ये स्वतःचा दांते काढला तो सरळ गद्यात. मित्राचं तत्त्व त्यानं शेवटपर्यंत नेलं आणि पद्यच सोडलं. इटालियन शिकणाऱ्याला मात्र मी आजही लाँगफेलोच हातात देईन, मूळ पान शेजारी उघडं ठेवून.

1881 साली केंब्रिजमध्ये दांते सोसायटी स्थापन झाली तेव्हा तो तिचा पहिला अध्यक्ष झाला, आणि 24 मार्च 1882 रोजी वारला. त्याच्या कागदांत नंतर एक सुनीत मिळालं, 1879 साली लिहिलेलं, कधीही न छापलेलं. झोप न येणाऱ्या रात्री भिंतीवरच्या चित्रातून पत्नीचा चेहरा त्याच्याकडे पाहतो आहे. दूर पश्चिमेला एक डोंगर आहे, त्याच्या ऊन न पोचणाऱ्या घळीत बर्फाचा क्रूस कधीच वितळत नाही. तसा क्रूस मी अठरा वर्षं छातीवर वागवतो आहे, असं तो म्हणतो.